उपास कधी सुटतो

देब्रे बिरहानला मी माग जोडायला गेलो होतो,
ब्लँकेटच्या कारखान्यात, अडीच महिने.
बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी,
खिचडीची बावीस पाकिटं,
तीन दिवसांआड एक, असा हिशेब,
आणि विमानात पाठ केलेलं एकच वाक्य:
सिगा अल्बलाम.
मांस खात नाही.

पहिल्या दुपारी खाणावळीत ते म्हटलं
तर वर्कनेशबाई हसल्या.
आत्ता कोण खातंय इथे?
तामरातने भाषांतर केलं, वर पदरचं जोडलं:
सर, मुहूर्त बघून आलात,
ईस्टरपर्यंत पंचावन्न दिवस
गावातल्या कोंबड्यासुद्धा निर्धास्त.

मग परातीएवढं इंजेरा आलं,
आंबोळीची थोरली जाऊ,
अंगभर डोळे, स्वभावाने आंबट,
तिच्यावर मसूर, बीट, कोबी-गाजर,
एक पालेभाजी जिचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही,
आणि मधोमध रटरटणारं शिरो.
मी तुकडा बुडवला, तोंडात घातला
नि थांबलो.
हे पिठलं होतं.
तांबड्या मसाल्याचं, परक्या आडनावाचं,
पण ठसका लागला तो घरचाच.

ताश्कंदला त्यांनी सूपमधले तुकडे वेचून काढून
तोच वाडगा पुन्हा पुढे ठेवला होता,
प्रेमाने.
बुर्साला दीड महिना पाव आणि ऑलिव्हवर काढला
आणि बायकोला फोनवर सांगत राहिलो, मजेत आहे.
इथे पहिल्यांदाच मला कुणाला काही
समजावून सांगायचं नव्हतं.
अख्खं गाव माझ्या पंगतीला बसलं होतं.
पँटचं बटण लागेना.
पाकिटं बॅगेच्या तळाशी तशीच.

एकदा कॉफी ओतता ओतता बाईंनी विचारलं,
तुमचा उपास कधी सुटतो?
सुटत नाही, म्हटलं. जन्मापासून आहे.
हात थांबला.
तामरातला परत विचारायला लावलं,
आपल्याला नीट कळलं ना म्हणून.
मग अगदी हलक्या आवाजात:
एवढं काय झालं होतं?

आमच्यात खात नाहीत.
हे वाक्य घरी किती सोपं असतं.
तिथे ते उचलून धरलं
तर त्याखाली काहीच सापडेना,
ना पाप, ना नवस,
नुसती आईने घासलेली भांडी.
मी कॉफी पीत राहिलो.

ईस्टरच्या रात्री तीन वाजता
पांढऱ्या शाली चर्चमधून परतत होत्या.
कडाक्याची थंडी, निलगिरीच्या लाकडांचा धूर,
आणि घराघरातून रात्रभर शिजलेल्या कांद्याचा,
कोंबडीचा, अंड्यांचा वास.
गावाचा उपास सुटला.
मी पुन्हा एकटा मी झालो.
खोलीवर जातो, म्हणालो. पोट जड आहे, म्हणालो.
(खोटं. भूक लागली होती.)

वर्कनेशबाईंनी खांदा दाबून खाली बसवलं.
चुलीच्या पलीकडे एक लहान मातीचं भांडं होतं,
त्याला वेगळी पळी, वेगळं झाकण,
झाकणावर खूण म्हणून कोळशाची रेघ.
आत शिरो. आणि त्यावर, दोन महिन्यांत पहिल्यांदाच,
मसाल्यात कढवलेलं लोणी.
तुमचा चालू आहे, म्हणाल्या,
पण लोण्यापुरता तरी सोडा.

मग त्या हात धुवायला उठल्या.
साबणाने धुतला. हुंगला. परत धुतला.
माझ्यापुढे धरला, उलटा, सुलटा,
नखांसकट,
ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा.
मी मान हलवली.

एका घासाने भांडण होतं, तामरात सांगत होता,
दोनाने फारकत,
म्हणून तीन.

तिसऱ्याला साबणाची किंचित चव होती.
मी तो सावकाश चावून खाल्ला.